प्रायमरीतील भांडण आणि पंचांवरचा विश्वास

३१ मे २००८ रोजी, शनिवारी, वॉशिंग्टनमधील एका हॉटेलाच्या सभागृहात डेमोक्रॅटिक पक्षाच्या नियम समितीची बैठक भरली होती. विषय तसा रुक्ष होता. मिशिगन आणि फ्लोरिडा या दोन राज्यांनी पक्षाने आखून दिलेले वेळापत्रक मोडून जानेवारीतच आपली प्रायमरी, म्हणजे पक्षाचा अध्यक्षपदाचा उमेदवार निवडण्यासाठी राज्याराज्यांत होणारे मतदान, उरकले होते. त्याची शिक्षा म्हणून, पक्षाच्या अधिवेशनात उमेदवार ठरवण्यासाठी मत देणारे त्यांचे सारे प्रतिनिधी बाद ठरवण्यात आले होते. आता ते परत घ्यायचे का आणि घ्यायचे तर किती, याचा निवाडा समितीला करायचा होता. मिशिगनच्या मतपत्रिकेवर बराक ओबामा यांचे नावच नव्हते, कारण त्यांनी ते आधीच मागे घेतले होते. हिलरी क्लिंटन यांना तिथे ५५ टक्के मते पडली होती आणि सुमारे ४० टक्के मतदारांनी ‘कोणालाही बांधील नाही’ या पर्यायावर खूण केली होती. समितीने १९ विरुद्ध ८ मतांनी ठरवले, की क्लिंटन यांना ६९ आणि ओबामांना ५९ प्रतिनिधी द्यावेत आणि प्रत्येक प्रतिनिधीचे मत अर्धेच धरावे. क्लिंटन गटाला ७३ आणि ५५ अशी वाटणी हवी होती. म्हणजे फरक चार प्रतिनिधींचा, आणि अर्ध्या मताच्या हिशेबाने केवळ दोन मतांचा.

त्या दोन मतांवरून त्या दिवशी जे रामायण घडले, ते अमेरिकेने थेट प्रक्षेपणात पाहिले. समितीचे सदस्य आणि क्लिंटन यांचे सल्लागार हॅरल्ड इक्स यांनी हे चार प्रतिनिधी पळवले जात असल्याचा आरोप भर सभेत केला आणि प्रकरण पुढच्या समितीपर्यंत नेण्याचा क्लिंटन यांचा हक्क राखून ठेवत असल्याचे जाहीर केले. प्रेक्षकांतून ‘डेन्व्हर, डेन्व्हर’ अशा घोषणा उठल्या, कारण ऑगस्टमधले अधिवेशन डेन्व्हरला होते आणि भांडण तिथवर न्यायची तयारी असल्याचे त्यांना सांगायचे होते. यातली गंमत अशी, की २००७ मध्ये या राज्यांचे प्रतिनिधी काढून घेण्याच्या बाजूने ज्यांनी हात वर केले होते, त्यांत हेच इक्स होते. हा पक्ष नोव्हेंबरपर्यंत एकसंध राहणार नाही, असे त्या संध्याकाळी अनेकांना वाटले असेल, तर त्यात नवल नाही.

पाच महिन्यांनी त्याच पक्षाच्या ओबामांनी ३६५ निर्वाचक मते मिळवून अध्यक्षपदाची निवडणूक जिंकली. या निकालाचे श्रेय प्रायमरीतल्या भांडणाला देणे हा भाबडेपणा होईल. तेव्हाचे रिपब्लिकन अध्यक्ष जॉर्ज बुश यांची ढासळलेली लोकप्रियता आणि सप्टेंबरमध्ये कोसळलेला वित्तबाजार ही त्याची मोठी कारणे होती. तरीही पक्षांतर्गत लाथाळ्या म्हणजे पराभवाची नांदी, आणि मतदारांचा उत्साह हवा असेल तर नेत्यांनी आधी आपली तोंडे बंद ठेवावीत, हे जे सूत्र प्रत्येक निवडणुकीच्या वर्षी नव्याने ऐकवले जाते, ते या अनुभवापुढे टिकत नाही. माझे म्हणणे असे, की प्रायमरीत उत्साह आणि भांडण एकाच चुलीवर शिजतात, आणि पक्ष फुटतो तो भांडणाच्या तीव्रतेने फारसा फुटत नाही. हरलेल्या बाजूच्या मतदाराला पंचच विकले गेल्याचा संशय येतो, तेव्हा तो फुटतो.

उत्साह कसा निर्माण होतो हे पाहायचे तर ३ जानेवारी २००८ च्या रात्री आयोवातल्या एखाद्या शाळेच्या जिमखान्यात डोकावायला हवे. तिथे डेमोक्रॅटिक पक्षाचे मतदान पेटीत चिठ्ठी टाकून होत नसे. संध्याकाळी सातला दारे बंद झाली, की लोक आपापल्या उमेदवाराच्या नावाखाली हॉलच्या एकेका कोपऱ्यात जाऊन उभे राहत आणि मग मोजणी होई. ज्या उमेदवाराच्या कोपऱ्यात साधारणपणे १५ टक्केसुद्धा माणसे जमली नाहीत, तो बाद ठरे आणि त्याच्या समर्थकांना दुसरा कोपरा शोधावा लागे. खरी मजा तिथून सुरू होई. शेजारच्या घरातली बाई, मुलाच्या शाळेतला शिक्षक, किराणा दुकानात रोज दिसणारा माणूस असे सगळे त्या अनाथ झालेल्या पाच-दहा जणांभोवती गोळा होऊन ‘आमच्याकडे या’ म्हणून गळ घालत. मत गुप्त नाही, शेजाऱ्याशी वाद तोंडावर घालायचा, आणि दुसऱ्या दिवशी त्याच शेजाऱ्याला पुन्हा भेटायचे, अशी ही रीत होती. तिच्यात दोष पुष्कळ होते, कारण रात्रपाळीचा कामगार किंवा तान्ह्या मुलाची आई त्या वेळी तिथे पोहोचणार कशी, या प्रश्नाला समाधानकारक उत्तर कधीच नव्हते. पण त्या रात्री सुमारे २,३९,००० माणसे या कोपऱ्यांत जाऊन उभी राहिली. चार वर्षांपूर्वी ती सुमारे १,२४,००० होती. नोंदणी जागच्या जागी करता येत होती, आणि नोव्हेंबरपर्यंत अठरा वर्षे पूर्ण होणार असलेल्या सतरा वर्षांच्या मुलांनाही भाग घेता येत होता.

ही माणसे थंडीत घराबाहेर पडली, कारण तिथे खरोखर काहीतरी ठरायचे होते. निकाल आधीच ठरलेला असता, तर भाषणे कितीही चांगली झाली असती तरी एवढी गर्दी झाली नसती. पुढे साऊथ कॅरोलायनात २६ जानेवारीला सुमारे ५,३२,००० लोकांनी मतदान केले. २००४ मधला आकडा २,९०,००० च्या आसपास होता. रिपब्लिकन पक्षात जॉन मॅकेन यांनी ४ मार्चलाच प्रतिनिधींचे बहुमत गाठले, आणि त्यानंतर त्या बाजूला लोकांनी पाहण्यासारखे काही उरले नाही. डेमोक्रॅट मात्र जूनपर्यंत भांडत राहिले, आणि त्यामुळे ज्या राज्यांकडे अध्यक्षपदाचे उमेदवार एरवी विमानातून खाली पाहण्यापुरतेच लक्ष देतात, त्यांचीही पाळी आली. पॅसिफिकमधले अमेरिकी बेट असलेल्या ग्वाममध्येही ३ मे रोजी ओबामा अवघ्या सात मतांनी पुढे राहिले. ग्वामच्या रहिवाशांना तर अध्यक्षाच्या अंतिम निवडणुकीत मतच नसते. तरीही ती सात मते त्या आठवड्यात देशभर चर्चेत होती.

इंडियाना राज्य १९६४ पासून एकदाही डेमोक्रॅटिक उमेदवाराकडे गेले नव्हते, आणि २००४ मध्ये बुश तिथे वीसहून अधिक टक्क्यांनी जिंकले होते. अशा राज्यात प्रायमरीसाठी पैसा आणि माणसे ओतण्याची कल्पना एरवी कोणालाही सुचली नसती. पण ६ मेला तिथे मतदान होते आणि शर्यत अजून संपलेली नव्हती, म्हणून दोन्ही गटांनी गावोगाव कार्यालये उघडली, दारोदार फिरून नावे नोंदवली, कोण घरी असतो, कोणाला गाडीने न्यावे लागेल याच्या याद्या केल्या. ती प्रायमरी क्लिंटन यांनी थोडक्यात जिंकली. नोव्हेंबरमध्ये मात्र इंडियाना ओबामांनी सुमारे २८,००० मतांनी जिंकले. त्याच ६ मेला प्रायमरी झालेले नॉर्थ कॅरोलायनाही त्यांनी सुमारे १४,००० मतांनी घेतले. या याद्या भांडणातून तयार झाल्या होत्या. क्लिंटन एप्रिलमध्येच माघार घेत्या, तर त्या तयार झाल्या नसत्या.

भांडण सभ्य होते म्हणून हे जमले, असेही कोणी समजू नये. बिल क्लिंटन यांनी साऊथ कॅरोलायनातल्या ओबामांच्या विजयाची तुलना १९८४ आणि १९८८ मधल्या जेसी जॅक्सन यांच्या विजयांशी केली, तेव्हा ‘हा काळ्यांचा उमेदवार’ असा शिक्का मारल्याची भावना कृष्णवर्णीय मतदारांत पसरली. पहाटे तीनला व्हाइट हाउसमधला फोन वाजतो तेव्हा तो कोणी उचलावा, असे विचारणारी क्लिंटन यांची जाहिरात पुढे प्रतिस्पर्धी पक्षाला वापरता येईल अशीच होती. दुसरीकडे, क्लिंटन यांच्या समर्थक स्त्रियांना प्रसारमाध्यमांतल्या टिंगलीचा जो संताप आला होता, तो अगदी खरा होता आणि ओबामांच्या गोटातल्या तरुण मंडळींनी तो कधी नीट समजून घेतला नाही, असे माझे मत आहे. इतकी कटुता साचूनही ७ जूनला क्लिंटन यांनी माघारीचे भाषण केले, त्यात आपल्याला पडलेल्या मतांचा उल्लेख काचेच्या छताला गेलेले सुमारे १ कोटी ८० लाख तडे असा केला आणि ओबामांना पाठिंबा दिला. पुढे त्या त्यांच्याच मंत्रिमंडळात परराष्ट्रमंत्री झाल्या. २००८ च्या भांडणाची जखम आज त्या पक्षात शोधूनही सापडत नाही.

२०१६ ची जखम मात्र अजून दुखते. वरवर पाहता ते भांडण २००८ पेक्षा सौम्य होते. हिलरी क्लिंटन यांचे उमेदवारीसाठीचे प्रतिस्पर्धी बर्नी सँडर्स यांनी पहिल्याच वादचर्चेत, क्लिंटन यांनी परराष्ट्रमंत्री असताना वापरलेल्या खासगी ईमेलच्या प्रकरणावर बोलण्याचे टाळले होते, आणि अखेरीस क्लिंटन यांना सुमारे ३७ लाख मते जास्त पडली, म्हणजे निकालात शंकेला जागा नव्हती. मग सँडर्स यांच्या मतदारांचा राग कशाचा होता? नोव्हेंबर २०१५ मध्ये, एकाही राज्यात मतदान झालेले नसताना, असोसिएटेड प्रेसने सुपरडेलिगेटांची पाहणी केली, तेव्हा क्लिंटन यांच्या मागे ३५९ आणि सँडर्स यांच्या मागे ८ जण होते. सुपरडेलिगेट म्हणजे खासदार, गव्हर्नर आणि पक्षाचे पदाधिकारी, ज्यांना मतदारांच्या कौलाशी बांधून न घेता अधिवेशनात मत देता येई. दूरचित्रवाणीवर प्रतिनिधींची बेरीज दाखवताना हे साडेतीनशे त्यात मिळवलेले असत, त्यामुळे शर्यत सुरू होण्याआधीच एक धावपटू अर्ध्या वाटेवर उभा असल्याचे चित्र दिसे. पुढे ६ जूनच्या संध्याकाळी, कॅलिफोर्नियात मतदान व्हायच्या आदल्या दिवशी, क्लिंटन यांनी बहुमत गाठल्याची बातमी आली, आणि तीही सुपरडेलिगेटांच्या पाठिंब्याच्या जोरावर. २२ जुलैला पक्षाच्या राष्ट्रीय समितीचे चोरलेले ईमेल बाहेर आले आणि ज्यांनी निष्पक्ष राहायचे, त्यांतले काही जण सँडर्स यांच्याविषयी काय बोलत होते ते सगळ्यांना कळले. अधिवेशनाच्या आदल्या दिवशी पक्षाच्या अध्यक्षा डेबी वॉसरमन शुल्ट्झ यांना पायउतार होत असल्याचे जाहीर करावे लागले.

क्लिंटन यांना या सवलतींची गरज नव्हती, आणि मला तरी या प्रकरणातली सर्वांत खेदाची गोष्ट हीच वाटते. ज्या निवडणुकीत त्या सरळ मार्गाने जिंकणार होत्या, तिच्यात पक्षाच्या धुरिणांनी आपल्या मापाचे एक वजन तागडीत टाकून ठेवले आणि विजयाचे सारे तेज घालवले. मोठ्या पाहण्यांतून पुढे असे दिसले, की सँडर्स यांना प्रायमरीत मत देणाऱ्यांपैकी सुमारे १२ टक्के लोकांनी नोव्हेंबरमध्ये डोनाल्ड ट्रम्प यांना मत दिले. त्या १२ टक्क्यांत असे पुष्कळ होते जे मनाने कधीच डेमोक्रॅट नव्हते, आणि २००८ मध्ये क्लिंटन यांचे काही मतदारही मॅकेनकडे गेले होते, त्यामुळे मिशिगन, विस्कॉन्सिन आणि पेन्सिल्व्हेनिया या तीन राज्यांत मिळून सुमारे ७८,००० मतांनी झालेल्या पराभवाचे सारे खापर त्यांच्यावर फोडणे मला योग्य वाटत नाही. पण २०१८ मध्ये पक्षाने नियम बदलून पहिल्या फेरीच्या मतदानात सुपरडेलिगेटांचे मत काढून घेतले, ही कबुली पुरेशी बोलकी आहे.

२०१६ मध्येच शेजारच्या घरात याहून मोठा तमाशा चालला होता. रिपब्लिकन पक्षात सतरा उमेदवार उतरले, एकमेकांच्या बायकांपर्यंत आणि हाताच्या आकारापर्यंत वाद गेले, क्लीव्हलंडच्या अधिवेशनात हरलेले उमेदवार टेड क्रूझ यांनी ‘सदसद्विवेकाला स्मरून मत द्या’ असे सांगितले तेव्हा त्यांना हुर्यो उडवून व्यासपीठावरून खाली उतरवले गेले, आणि ज्या राज्यात अधिवेशन भरले होते त्या ओहायोचे रिपब्लिकन गव्हर्नर जॉन केसिक सभागृहाकडे फिरकलेही नाहीत. ट्रम्प यांना प्रायमरीतली निम्मी मतेदेखील मिळाली नव्हती. तरी नोव्हेंबरमध्ये त्या पक्षाचा बहुतेक मतदार त्यांच्यामागे उभा राहिला. तिथे पराभूत झाले ते पक्षातले वजनदार लोक, आणि ते हरल्यामुळे सामान्य मतदाराला आपण फसवलो गेलो असे वाटण्याचे कारण नव्हते. नाराजी होती ती वरच्या मजल्यावर, आणि वरच्या मजल्यावर मते मोजकीच असतात.

इथे एक आक्षेप रास्त आहे आणि तो मान्यच करायला हवा: प्रायमरीतल्या गर्दीवरून अंतिम निकाल सांगता येत नाही. १९८८ मध्ये डेमोक्रॅटांच्या प्रायमऱ्यांत रिपब्लिकनांच्या जवळजवळ दुप्पट मतदान झाले होते, आणि नोव्हेंबरमध्ये त्यांचे उमेदवार मायकेल डुकाकिस चाळीस राज्यांत हरले. जानेवारी २०२४ मध्ये हाडे गोठवणाऱ्या थंडीत आयोवातल्या रिपब्लिकन कॉकसला, म्हणजे तिथल्या मतदान-सभांना, सुमारे १,१०,००० लोक आले, जिथे २०१६ मध्ये १,८७,००० आले होते. ट्रम्प पुढे जिंकलेच. विक्रमी म्हणून गाजलेल्या २००८ मध्येसुद्धा पात्र मतदारांपैकी तीस टक्क्यांच्या आसपासच लोक प्रायमरीला गेले होते. उत्साही माणसे नेहमीच थोडी असतात. त्यामुळे उत्साह म्हणजे विजय, असा माझा दावा नाही. उत्साहाने पक्षाला कार्यकर्ते मिळतात, पडताळलेल्या याद्या मिळतात आणि उमेदवाराचे कच्चे दुवे वेळेत उघडे पडतात, एवढेच मला म्हणायचे आहे.

हे शेवटचे न घडणे २०२४ मध्ये डेमोक्रॅटांना फार महागात पडले. जो बायडेन यांच्याविरुद्ध कोणी नाव घेण्याजोगा नेता उभा राहिला नाही, फ्लोरिडात तर पक्षाने फक्त त्यांचेच नाव दिल्यामुळे प्रायमरी झालीच नाही, आणि ज्याला शिस्त म्हटले गेले त्या शांततेत उमेदवाराच्या वयाचा प्रश्न कोणत्याही मतदारापुढे नीट मांडला गेला नाही. मिशिगनमध्ये २७ फेब्रुवारीला एक लाखाहून अधिक लोकांनी, मुख्यतः गाझाच्या प्रश्नावरून, ‘बांधील नाही’ या पर्यायावर मत देऊन निषेध नोंदवला, तो पक्षाने ऐकून न ऐकल्यासारखा केला. मग ट्रम्प यांच्याशी जूनमध्ये झालेली वादचर्चा, बायडेन यांची २१ जुलैची माघार, आणि ज्या कमला हॅरिस यांना त्या वर्षी उमेदवार म्हणून प्रायमरीत एकही मत मागावे लागले नव्हते, त्यांच्या हाती मतदानापर्यंतचे १०७ दिवस. भांडण टाळण्याचा हा आदर्श नमुना होता. प्रायमरी झाली असती तर त्या जिंकल्या असत्या की नाही, हे कोणी सांगू शकत नाही. पण त्या काय आहेत हे लोकांना फेब्रुवारीत कळले असते.

नियमांवर विश्वास नसला की काय होते, याचा धडा त्या पक्षाने १९६८ मध्येच घेतला होता. त्या वर्षी ह्युबर्ट हम्फ्री यांनी एकही प्रायमरी लढवली नाही आणि तरी शिकागोच्या अधिवेशनात उमेदवारी त्यांनाच मिळाली, कारण बहुसंख्य प्रतिनिधी राज्याराज्यांतल्या पुढाऱ्यांच्या खिशात होते. यूजीन मॅकार्थी आणि हत्या झालेले रॉबर्ट केनेडी यांच्यामागे व्हिएतनाम युद्धाच्या विरोधात उभे राहिलेले तरुण बाहेर रस्त्यावर पोलिसांच्या लाठ्या खात होते. नोव्हेंबरमध्ये हम्फ्री एक टक्क्याहूनही कमी मतांनी हरले. त्यानंतर मॅकगव्हर्न आणि फ्रेझर यांच्या आयोगाने प्रतिनिधी निवडण्याचे नियम बदलले, आणि आज आपण पाहतो ती राज्यागणिक प्रायमऱ्यांची लांबलचक जत्रा त्यातून जन्माला आली. तिच्यात उणिवा आहेतच. न्यू यॉर्कमध्ये एप्रिल २०१६ च्या प्रायमरीसाठी मतदाराने आपला नोंदवलेला पक्ष बदलण्याची मुदत ऑक्टोबर २०१५ मध्येच संपली होती, आणि त्या नियमामुळे ट्रम्प यांच्या मुलांपैकी इव्हांका आणि एरिक यांना स्वतःच्या वडिलांनाही मत देता आले नाही. गर्दीच्या प्रायमरीत थोड्या मतांवर बाजी मारता येते, हा दुसरा दोष. त्याचे उदाहरण आपल्या जवळचे आहे. बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार २०१८ मध्ये मिशिगनच्या गव्हर्नरपदासाठीच्या प्रायमरीत स्वतःचा अमाप पैसा ओतून तिसरे आले, आणि २०२२ मध्ये डेट्रॉइटच्या मतदारसंघात नऊ उमेदवारांच्या गर्दीत तीस टक्क्यांहूनही कमी मते घेऊन जिंकले. तो मतदारसंघ डेमोक्रॅटांचा बालेकिल्ला असल्याने ते त्याच दिवशी जवळजवळ खासदार झाले होते.

आपल्याकडे हा प्रश्नच उद्भवत नाही, कारण तिकीट मुंबईत किंवा दिल्लीत ठरते आणि पक्षाची अधिकृत उमेदवारी देणारा एबी फॉर्म कोणाच्या हाती पडतो याची कार्यकर्ता शेवटच्या दिवशी दुपारी तीनपर्यंत वाट पाहत बसतो. २०१४ च्या लोकसभा निवडणुकीत काँग्रेसने देशभरातल्या निवडक मतदारसंघांत पदाधिकाऱ्यांच्या मतदानातून उमेदवार निवडण्याचा प्रयोग केला, त्यात महाराष्ट्रातले लातूर आणि वर्धा होते. त्या लाटेत दोन्ही जागा गेल्या, आणि प्रयोगाचे नावही पुढे कोणी काढले नाही. २०२४ मध्ये सांगलीची जागा महाविकास आघाडीच्या वाटपात शिवसेनेच्या ठाकरे गटाला गेली. जिल्ह्यातल्या काँग्रेस कार्यकर्त्यांनी आरडाओरडा केला, मुंबई आणि दिल्लीच्या फेऱ्या झाल्या, कोणी दाद दिली नाही. काँग्रेसचे इच्छुक विशाल पाटील अपक्ष म्हणून लिफाफा हे चिन्ह घेऊन उभे राहिले, काँग्रेसचा मतदार उघडपणे त्यांच्यामागे गेला आणि ते सुमारे एक लाख मतांनी निवडून आले. आघाडीचा अधिकृत उमेदवार तिसऱ्या क्रमांकावर राहिला. सांगलीकरांनी आपली प्रायमरी घेतलीच, फक्त ती अंतिम मतदानाच्या दिवशी घेतली.